चार आवाज, एक जगह

गेल्या कोजागिरीच्या आठ दिवस आधी आमच्या कारंज्यातल्या काही मंडळींचा मला फोन आला. शाळेच्या मैदानावर दूध आटवायचे, गप्पा मारायच्या आणि सगळ्यांनी मिळून नाचायचे, असा बेत होता. कुणाचा तरी नाच खुर्चीवर बसून पाहायचा, असे नव्हे. आलेल्या प्रत्येकाने नाचायचे. माझ्याकडे काम आले ते निवडीचे. "तुम्ही कवी आहात, तुम्हाला लय कळते. कोणते नाच घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने, तेवढे तुम्ही ठरवा," असे त्यांनी सांगितले.

मी येणाऱ्यांची यादी मागवली. ऐंशीच्या आसपास माणसे होती. त्यात साठी उलटलेले चार-पाच जुने लेझीमवाले होते. महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणत टिपऱ्या खेळलेल्या मुली होत्या. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून नोकरीसाठी गावात आलेल्या काही बंजारा शिक्षिका होत्या. दरवर्षी वारीला जाणारे दोघे टाळकरी होते. आणि उरलेली निम्मी माणसे अशी, की ज्यांनी लग्नाच्या वरातीतसुद्धा कधी हात वर केला नव्हता.

इथे पेच सुरू होतो. सोपे घेतले तर जाणते कंटाळतात आणि गप्पा मारायला निघून जातात. अवघड घेतले तर नवखे दोन पावलांत अडखळतात, ओशाळतात आणि भिंतीला जाऊन टेकतात. एकदा भिंतीला टेकलेला माणूस त्या रात्री पुन्हा आत येत नाही. कधीकधी आयुष्यात येत नाही. हे मी अनुभवाने सांगतो, पण ती गोष्ट पुढे येईल.

मी इतिहासकार नाही. बी.ए. झालो, शाळेच्या कचेरीत पगारपत्रके लिहिली आणि मराठीत कविता केली, एवढीच माझी कमाई. पण वाटले, हा पेच माझ्याआधी पुष्कळांना पडला असणार. जाणता आणि नवखा एकत्र नाचले नाहीत, असा कोणता काळ होता? मग जुन्या लोकांनी तो कसा सोडवला? त्याचा माग काढत गेलो आणि लक्षात आले, की त्यांनी तो सोडवला तो पावलांनी नव्हे, रचनेने. कोण कुठे उभा राहतो, कुणाच्या शेजारी, कुणाच्या समोर, याला त्यांनी पावलांपेक्षा जास्त महत्त्व दिले होते.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. आजचा वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला. पण वाशीम गाव फार जुने. ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने पाचव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर या पंडिताने 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात एक गोड कथा आहे. काव्यपुरुष रुसून देशोदेशी फिरतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते. ज्या प्रदेशात ती दोघे जातात, तिथला वेश, तिथला नाचण्या-वागण्याचा विलास आणि तिथली बोलण्याची रीत ठरत जाते. शेवटी दोघांचे लग्न लागते ते वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीममध्ये. कवी म्हणून मला या कथेचा अभिमान आहेच. पण त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या पंडिताने वेश, नाच आणि भाषा एका दावणीला बांधली. तिन्हींसाठी त्याने शब्द वापरला तो 'विन्यास', म्हणजे मांडणी.

जुन्यातली जुनी मांडणी म्हणजे कडे. जुन्या ग्रंथांत 'हल्लीसक' नावाचा नाच येतो: मधे एक, भोवती अनेक, सगळे गोलात. मध्य प्रदेशातल्या बाघच्या लेण्यांत पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे असे चित्र आहे. मधल्या नर्तकाभोवती स्त्रियांचे कडे, कुणाच्या हातात टिपऱ्या, कुणाच्या हातात झांज, कुणापाशी मृदंग. आपल्या भुलाबाईच्या मुली आणि ते चित्र यांत दीड हजार वर्षे गेली. कडे मात्र तेच आहे.

कड्याचा गुण असा, की त्याला पहिला नंबर नाही आणि शेवटचाही नाही. पोहरादेवीच्या बाजूला तीजेच्या दिवसांत बंजारा मुली टोपल्यांत गहू उगवून त्याभोवती फेर धरतात. होळीला गेरिया आणि गेरणी लेंगी म्हणत नाचतात. मी ते पाहिले आहे. एक बाई गाण्याची ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. पाऊल तेच, वाकणे तेच, टाळी तीच. ते पुन्हा पुन्हा येते. एखादी नवी सून फेरात शिरली, तर पहिल्या दोन फेऱ्यांत चुकते, तिसरीत सावरते. चुकली म्हणून फेर थांबत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना जाणत्या असतात आणि सगळ्यांची तोंडे आत असतात. चूक बाहेर दिसायला बाहेर कुणी बसलेलेच नसते.

दुसरी मांडणी म्हणजे समोरासमोर दोन रांगा. ती आपल्याला वारकऱ्यांनी दिली. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी जाते. शिरपूरला मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. टाळकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या. मधे वाट मोकळी, तीत विणेकरी, आणि पखवाज. ताल लागला की दोन्ही रांगा एकमेकींकडे येतात, मागे सरतात, कधी एकमेकींतून पार होऊन बाजू बदलतात. पावली खेळणे म्हणतात ते हे.

मी तासभर एका पोराकडे पाहत होतो. चौदा-पंधरा वर्षांचा, पहिल्यांदाच आलेला. त्याला कुणी काही शिकवत नव्हते. पण त्याच्या समोरच्या रांगेत बरोबर त्याच्या पुढ्यात एक म्हातारे टाळकरी होते. ते पुढे आले की पोरगा पुढे, ते वाकले की हा वाकला. समोरचा माणूस हाच त्याचा आरसा. पहिल्या अभंगाला तो नुसता चालत होता. दुसऱ्याला पाऊल पडू लागले. तिसऱ्याला तो हसत होता. तिथे एक ओळखीचे वारकरी मला म्हणाले, "भाई, नवा माणूस नव्यासमोर उभा करायचा नाही. दोघंही बुडतात." हजार पानांच्या ग्रंथात मिळाले नसते, असे शास्त्र त्यांनी एका वाक्यात दिले.

आता थोडे दूर जाऊ. माझा भाचा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरीला आहे. एका रविवारी त्याचा फोन आला. "मामू, इथे गोरे लोक दिंडी खेळतात!" त्याने चित्रफीत पाठवली. एका लाकडी दिवाणखान्यात व्हायोलिन वाजत होते आणि खरोखरच दोन लांब रांगा समोरासमोर. या नाचाला तिकडे कॉन्ट्रा म्हणतात.

त्याचे मूळ इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांच्या आणि हवेल्यांच्या नाचांत आहे. जॉन प्लेफर्ड नावाच्या प्रकाशकाने १६५१ मध्ये अशा १०५ नाचांचे पुस्तक छापले. त्यात गोल नाच होते, चौकोनी होते, ठरावीक जोड्यांचे होते, आणि कितीही माणसे आली तरी चालतील असे लांब रांगेचेही होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, तसे बाकीचे मागे पडत गेले आणि लांब रांगेचे नाच वाढत गेले. मला त्यामागचे एक कारण उघड दिसते. चौघांच्या नाचात पाचवा माणूस पाहुणा असतो. लांब रांगेला शेपूट असते. उशिरा आलेला तिथे जोडला जातो.

या नाचाची युक्ती अशी: चौसष्ट ठोक्यांची एक चाल असते. ती पुरी झाली की प्रत्येक जोडी एक घर सरकते आणि तिच्यापुढे नवी जोडी येते. चाल तीच, माणसे नवी. म्हणजे नवखी जोडी तासाभरात रांगेतल्या बहुतेक जाणत्यांच्या हाताखालून जाते. आणखी जुन्या रीतीत तीन-तीन जोड्यांचे गट असत. मुख्य चाल पहिली जोडी करी, बाकीच्या दोघी थोडी साथ देत आणि बराच वेळ पाहत. पाहता पाहता त्यांची पाळी येई. एक पुकारणारा असतो. तो आधी संगीताशिवाय सगळ्यांना चाल चालवून दाखवतो, मग संगीत सुरू झाल्यावर पुकारत राहतो आणि माणसांना जमू लागले की हळूच गप्प होतो. भाच्याला मी विचारले, संध्याकाळचे नाच कसे निवडतात? तो म्हणाला, "सुरुवातीला सोपे, मधे अवघड, शेवटी पुन्हा सोपे. दमलेल्या माणसाला घरी जाताना जमल्यासारखं वाटलं पाहिजे."

हे सगळे ऐकून मी माझ्या लेझमीकडे वळलो. कारण माझे खरे देणे तिच्याकडे होते.

लेझीम हा शब्द फारसी आहे. फारसी कोशांत लेजम म्हणजे धनुर्विद्येच्या सरावाचे मऊ, सैल धनुष्य. खरे धनुष्य ओढण्याआधी शिकाऊ माणसाने हाताळायचे. पुढे दोरीच्या जागी लोखंडी साखळी आली, साखळीत चकत्या आल्या आणि ते व्यायामाचे साधन झाले. इराणात जोरखाना नावाच्या तालमी आहेत. आपल्या जोर-बैठकांतला जोर तोच. २०१० मध्ये युनेस्कोने जोरखान्याच्या परंपरेची मानवी वारशात नोंद केली. तिथे आजही साखळी आणि चकत्या लावलेले लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात. मुर्शिद ढोल वाजवत कविता म्हणतो आणि बाकीचे खोलगट आखाड्यात कडे करून, मधल्या म्होरक्याकडे पाहत व्यायाम करतात. तिथेही कडेच! आपल्याकडे हे धनुष्य मराठी तालमींत रमले, हलगी-ढोलावर नाचू लागले आणि इतके आपले झाले, की त्याचे जन्मगाव कुणाला आठवेना. म्हणजे लेझीम हे मुळातच नवख्याचे हत्यार. हा अर्थ मला कळला, त्या दिवशी मी बराच वेळ गप्प होतो.

विसाव्या शतकात लेझीम शाळेत आली. आपल्या वऱ्हाडात व्यायामाच्या प्रसाराचे मोठे काम अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम दिसली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि आमच्या शाळेच्या पथकात नुकताच शिरलो होतो.

आमचे ड्रिलचे सर मोठ्याने हुकूम सोडत: "होशियार! चार आवाज! एक जगह! आगे फलांग! पीछे फलांग!" हुकूम हिंदुस्थानी, हलगी मराठी, आणि आम्ही पोरे तांबड्या मातीत. घरात आम्ही बोलायचो ती वऱ्हाडी वळणाची उर्दू. शाळेतल्या बाकी कशात मला घरचे शब्द भेटत नसत, लेझमीत भेटत. वडील पिंजारी होते. कारंजा म्हणजे कापसाचे गाव; शकुंतला रेल्वे कापूस घेऊन मूर्तिजापूरला जाई. वडील दारोदार जाऊन गाद्यांचा कापूस पिंजत. पिंजणाच्या तातीवर लाकडी ठोका पडला की जो आवाज निघे, त्याच्या लयीवर मी झोपलो आहे आणि उठलो आहे. तरी पथकात माझे पाऊल चुके. सरांनी मला कधी काढले नाही. त्यांनी मला दोन जाणत्या पोरांच्या मधे उभे केले आणि म्हणाले, "आवाज कानांनी धर, पाऊल शेजाऱ्याचं धर." पंधरा दिवसांत मला आले.

पण शाळेतल्या लेझमीत एक बदल हळूहळू होत होता, तो आमच्या ध्यानात आला नाही. स्पर्धा आल्या, बक्षिसे आली, प्रमुख पाहुणे आले. पाहुण्यांसाठी व्यासपीठ आले. मग रांगांची तोंडे एकमेकांकडून वळून व्यासपीठाकडे झाली. पुढची रांग चांगल्यांची, मागची रांग कच्च्यांची, आणि अगदीच कच्चा असेल तो मैदानाबाहेर. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. शाळेच्या ड्रिलने लेझीम गरिबाच्या पोरापर्यंत नेली, पुढे मुलींच्या हातात दिली. ड्रिल नसते तर ती माझ्यापर्यंत आली नसती. पण तोंड व्यासपीठाकडे वळले, त्या दिवशी नवख्याची जागा गेली.

आणि ती घालवणाऱ्यांत मीही होतो. वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत कारकून होतो, तिथे संमेलनाच्या लेझीम पथकाची जबाबदारी माझ्याकडे आली. एक मुलगा हटकून 'पीछे फलांग'ला पुढे उडी मारायचा. संमेलनाला मोठे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मी त्याला रांगेतून बाहेर काढले आणि सांगितले, "तू लेझमी मोजून पेटीत ठेवायचं काम कर." त्याने मोजल्या. एकही कमी भरली नाही. मला दोन जाणत्यांच्या मधे उभे करणारे सर मला त्या दिवशी आठवले नाहीत. पथकाला बक्षीस मिळाले. ते आता कुठे आहे, मला ठाऊक नाही.

तर कोजागिरीसाठी मी कागद घेऊन बसलो. मुलींनी गोफ बसवला होता, तो सगळ्यांकडून करून घ्यावा, असा आग्रह आला. गोफ सुंदर खराच. पण त्यात एक चुकला की सगळ्यांच्या दोऱ्यांची गाठ बसते. नवख्याची चूक तिथे सगळ्यांना भोवते. म्हणून मी क्रम लावला तो असा: आधी बंजारा शिक्षिकांचा फेर, मग दिंडीची पावली, मग सगळे दूध पीत बसतील तेव्हा मुलींचा गोफ, आणि शेवटी लेझीम. तीही फक्त 'चार आवाज' आणि 'एक जगह'. दोन्ही हात जागच्या जागी करायचे. फलांग एकही नाही. जुन्या लेझीमवाल्यांची तोंडे उतरली. मी त्यांना सांगितले, तुमचे काम नाचण्याचे कमी, कुणाच्या तरी समोर उभे राहण्याचे जास्त.

फेर जमला. बायांनी दोन-दोन नवख्यांच्या मधे एक-एक शिक्षिका अशी स्वतःच वाटणी केली. पावलीला मात्र घोटाळा झाला. मी जाणत्यासमोर नवखा अशी मांडणी केली होती, पण ताल चढला तशी जाणत्यांना वारी आठवली आणि ते पळू लागले. नवख्यांची रांग वाकडी झाली, मग तुटली. पखवाजवाल्याला खूण करून ताल उतरवावा लागला. शिवाय माणसे विषम निघाली. शाळेतल्या शिपाईबाई एकट्या उरल्या. टाळकरी म्हणाले, त्यात काय, विणेकऱ्याला जोडीदार लागतच नाही. त्यांनी बाईंना मधल्या वाटेत उभे केले, गळ्यात वीणा दिली. जुनी मांडणी किती शहाणी असते पाहा. उरलेल्या माणसासाठी तिने मधली जागा राखून ठेवलेली असते.

गोफ झाला. गाठ बसली नाही. टाळ्या पडल्या.

लेझमीच्या वेळी मला तो दिसला. पस्तिशीचा, मुलीला घेऊन आलेला, फाटकाजवळच्या भिंतीला टेकलेला. मी ओळखले, त्यानेही ओळखले होते. मी लेझीम पुढे केली. तो म्हणाला, "मला येत नाही सर. तुम्हाला माहीत आहे." माफी कशी मागतात, ते मला तेवढ्या माणसांत सुचले नाही. मी एवढेच म्हणालो, "माझ्यासमोर उभा राहा."

दोन रांगा समोरासमोर झाल्या. हलगी सुरू झाली. कुणीतरी जुन्या आवाजात "चार आवाज" पुकारले. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत. 'एक जगह'ला मीच चुकू लागलो. तो दोन ठोके थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, डावा हात आधी."

मी डावा हात आधी केला.

रात्री लेझमी मोजून पेटीत ठेवल्या त्या आम्ही दोघांनी. चोवीस होत्या. माणसे त्याहून बरीच जास्त आली होती. कित्येकांनी नुसत्या टाळ्यांवर ताल धरला होता. पुढच्या कोजागिरीला चाळीस तरी लागतील, असा त्याचा अंदाज आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)